एकट्यानं पैनगंगेकाठी निघण्याआधी काठ कुठला ते ठरवा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: दिवाळीनंतर लातूरहून सव्वाशे सीसीच्या गाडीवर एकट्यानं निघायचं, नांदेडमार्गे सहस्रकुंडचा धबधबा, किनवट, उनकेश्वर, माहूर करायचं, होता होईल तेवढं पैनगंगेच्या काठाकाठानं जायचं आणि दोन दिवसांत घरी परतायचं. गाडी पुरेल का की नवी मोठी घ्यावी, डोंगर-जंगलात जनावरांची भीती किती, आणि घरचे ‘एकटा जाऊ नको’ म्हणतात त्यात तथ्य आहे का, असं तुम्ही विचारलंय.

गाडी पुरते. जनावरांचं पुढं सांगतो, पण तुम्हाला वाटतंय तशी ती भीती नाही. घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. खरी अडचण तुमच्या ‘काठाकाठानं’ आणि ‘दोन दिवसांत’ या दोन शब्दांत आहे, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही.

मी कोणत्या अनुभवावर बोलतोय ते आधी सांगतो. बियाण्याच्या कंपनीत मी बरीच वर्षं फिल्डवर होतो. भोकर, हिमायतनगर, किनवट, माहूर हा माझा टापू. शंभर सीसीची गाडी, मागं सॅम्पलच्या पिशव्या, सोबत कुणी नाही. हौस नव्हती, पोटाचा धंदा होता. त्यामुळं माझा सल्ला फोटोच्या जागांपेक्षा संध्याकाळी मुक्कामाला पोचण्याबद्दल जास्त आहे.

आधी नदी समजून घ्या. पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगवते. हिंगोली-नांदेड या बाजूला आणि यवतमाळ त्या बाजूला, अशी बराच काळ ती मराठवाडा आणि विदर्भ यांच्यामधून चालते. पुढं यवतमाळ आणि तेलंगणातला आदिलाबाद यांची हद्द होते आणि शेवटी चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीला मिळते. नकाशात ती सरळ रेघ दिसत नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. सहस्रकुंडावरून ती किनवटकडे येते, तिथून वर वळते, माहूरच्या डोंगराला वळसा घालून धनोड्यावरून पुन्हा पूर्वेला उनकेश्वरकडे जाते. म्हणून या फेरीत तीच नदी तुम्हाला कधी डाव्या हाताला, कधी उजव्या हाताला भेटते, आणि पहिल्यांदा जाणारा माणूस हमखास गोंधळतो.

आता महत्त्वाचं. नदीच्या काठानं सलग रस्ता नाही. काठावरच्या गावांना जाणारे फाटे मुख्य रस्त्यावरून आत उतरतात आणि बहुतेक गावाच्या पाणवठ्याशी संपतात. त्याच वाटेनं परत वर यावं लागतं. मोबाईलच्या नकाशावर दोन गावं नदीच्या दोन बाजूंना समोरासमोर दिसतात, अंतर जेमतेम वाटतं, पण मध्ये पूल नसतो, किंवा असलाच तर पाण्यालगतचा फरशी पूल असतो. तुमच्या फेरीत भरवशाचे मोठे पूल दोनच धरा: माहूरहून विदर्भात उतरताना धनोड्याचा, आणि उमरखेडहून हदगावकडे परत मराठवाड्यात येताना मार्लेगावचा. मोठ्या पुरात या दोन्ही ठिकाणची वाहतूकही थांबते. म्हणून निघण्याआधी काठ ठरवायचा. जाताना मराठवाड्याचा काठ, म्हणजे भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, बोधडी, किनवट, सारखणी, माहूर. येताना धनोड्याला नदी ओलांडून महागाव, उमरखेड आणि मार्लेगावला परत अलीकडं. मधेच ‘जरा पलीकडून जाऊन येऊ’ हा मोह एकट्या माणसानं टाळावा. पलीकडं उमरखेड तालुक्यात ढाणकी-बिटरगावच्या पुढं जो भाग आहे त्याला तिकडचे लोक ‘बंदी भाग’ म्हणतात. पैनगंगा अभयारण्यातली ती गावं आहेत. आत जायचं तर वनखात्याच्या नाक्यावर विचारून, आणि तेही उजेडी.

पाण्याबद्दल एक गोष्ट, जी बाहेरून येणाऱ्याला माहीत नसते. इथं डोक्यावरचं आभाळ बघून नदीचा अंदाज बांधता येत नाही. वर इसापूरचं धरण आहे. किनवटला लख्ख ऊन असताना धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या गावांत पाणी चढतं. पावसाळ्यात अशा वेळी काठच्या गावांना इशारा देतात, दवंडी पिटतात, पण तुम्ही त्या गावचे नसता आणि कानावर हेल्मेट असतं. एकदा इस्लापूरच्या अलीकडं एका ओढ्याच्या फरशीवर मी गाडी घालणार तेवढ्यात शेळ्यांमागचा म्हातारा ओरडला, “थांबा की सायेब, वरून वाढलालंय!” मला तर पाणी घोट्याएवढंच दिसत होतं. पाऊण तासानं फरशीचे दगडही दिसेनात. तेव्हा नियम एकच: फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. पाणी किती खोल आहे हे गढूळ पाण्यात कळत नाही, आणि दुचाकी आडवी ढकलायला वीतभर वाहतं पाणी पुरतं. गावकरी ट्रॅक्टर घालत असतील तरी तो तुमचा पुरावा नाही, ट्रॅक्टरचं वजन वेगळं.

तुम्ही दिवाळीनंतर जाताय, म्हणजे हा धोका बराच उतरलेला असेल. पण त्याची दुसरी बाजूही ऐका. सहस्रकुंडाचं पाणीही तेव्हा उतरलेलं असतं. पाऊस कसा झाला आणि इसापूरमधून किती सोडतात यावर ते अवलंबून आहे. काळ्या खडकावरून अनेक धारांनी कोसळणारं पाणी ऑगस्ट-सप्टेंबरात बघावं, नोव्हेंबरात नशीब असेल तर निम्मं मिळतं. ज्या महिन्यात धबधबा उत्तम, त्याच महिन्यात फरशी पूल आणि काळी माती सगळ्यात वाईट. माझं मत विचाराल तर पहिली एकट्याची फेरी नोव्हेंबरातच करा, धबधबा थोडा कमी बघा. पावसाळ्यात दुसऱ्या वर्षी सोबत घेऊन या. धबधब्याच्या खडकावर मात्र कुठल्याही महिन्यात फोटोसाठी पुढं उतरू नका. शेवाळ धरलेल्या ओल्या कातळावर रायडिंगचे बूट बिलकूल धरत नाहीत, आणि तुम्ही घसरलात हे सांगायला सोबत कुणी नसेल.

आता दिवसांचं गणित. लातूर ते नांदेड साधारण १४० किलोमीटर. नांदेडहून भोकरमार्गे किनवट जवळजवळ तेवढंच, वर सहस्रकुंडाचा थांबा. किनवट ते माहूर ५० च्या आसपास, उनकेश्वरचा फाटा घेतला तर त्यात भर. माहूरहून उमरखेडमार्गे नांदेड १३० च्या घरात, आणि पुन्हा लातूर. सव्वाशे सीसीवर, सामान लादून, या रस्त्यांवर तुमची सरासरी ताशी ४० धरा. घाटात आणि रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यात ती ३० वर येते. म्हणजे पहिल्याच दिवशी किनवट गाठायचं तर सात तास निव्वळ गाडी चालवणं झालं. चहा, जेवण, धबधबा, पंक्चर धरून सूर्य बुडतो. नोव्हेंबरात इकडं पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि सागाच्या जंगलात त्याही आधी अंधारून येतं.

म्हणून दोन दिवस पुरत नाहीत. तीन मुक्काम करा: नांदेड, किनवट, माहूर. लातूरहून दुपारी निघून नांदेडला झोपा, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला नांदेड सोडा, सहस्रकुंड करून दुपारी किनवटला पोचा. तिसऱ्या दिवशी उनकेश्वर आणि माहूर. चौथ्या दिवशी परत, तो रस्ता बहुतांश राष्ट्रीय महामार्गाचा आहे, त्यामुळं एका दिवसात लातूर जमतं. सुट्टी एवढी मिळत नसेल तर उनकेश्वर गाळा, वेग वाढवू नका. उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे बघण्यासारखे आहेत, पण ते मांडवीच्या बाजूला मुख्य रस्ता सोडून आत आहेत आणि घाईत बघण्याची ती जागा नाही.

माझ्या नोकरीत मी स्वतःला घालून घेतलेले दोन नियम होते. दुपारी चारनंतर नवा फाटा धरायचा नाही, आणि पाचला मुक्कामाच्या गावात गाडी उभी. हे नियम बिबट्यासाठी नव्हते. अंधारात बंद पडलेली गाडी ढकलत न्यायला दुसरा माणूस नसतो, एवढंच त्याचं कारण. उजेडात हीच गाडी बंद पडली तर अर्ध्या तासात कुणीतरी टमटमवाला किंवा शेतकरी थांबतो, दोर शोधतो, मिस्त्रीचा नंबर देतो. या भागातली माणसं थांबतात, हे मी खात्रीनं सांगतो. पण अंधार पडला की कुणी रस्त्यावरच नसतं.

त्यात नोव्हेंबरच्या रस्त्याचे आपले नखरे. सोयाबीनची रास डांबरावर वाळत घातलेली असते, कडेला दगड मांडलेले असतात. दिवसा दिसतात, रात्री नाहीत. दाण्यांवर ब्रेक लावला की पुढचं चाक गेलंच समजा. कापसाच्या गाड्या अर्ध्या रस्त्याला झुकलेल्या. नांदेड-लातूर पट्ट्यात उसाचे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, असला तर चिखलानं माखलेला. आणि गावागावांत न रंगवलेले गतिरोधक. परतीच्या दिवशी माणूस दमलेला असतो आणि नेमका तेव्हाच हा पट्टा येतो, म्हणून माहूर सकाळी सातच्या आत सोडा.

काळ्या मातीबद्दल लातूरच्या माणसाला मी काय सांगणार. एवढंच, की अवेळी सर आलीच तर शेतातून जाणारा कच्चा फाटा लगेच सोडा. मडगार्डमध्ये चिखल भरून चाक फिरायचं थांबतं आणि मग काडीनं कोरत बसावं लागतं. एक जुना स्क्रू ड्रायव्हर त्यासाठीच ठेवा.

गाडीचं बोलू. सव्वाशे सीसी म्हणजे दहा-अकरा बीएचपी. सातमाळा-निर्मळच्या डोंगररांगेतले इकडचे चढ सह्याद्रीतल्यासारखे लांबलचक नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सामानासकट सहज चढतात. नवी मोठी गाडी घेण्याचा विचार या फेरीपुरता तरी सोडा. उलट एकट्यासाठी हलकी गाडी बरी. आडवी झाली तर एकट्यानं उभी करता येते, आणि तिचे पार्ट किनवटच्याही दुकानात मिळतात. महागड्या गाडीचा क्लच लीव्हर तुटला तर नांदेडहून एसटीनं मागवावा लागतो.

निघण्याआधी आठवडाभर गाडी मिस्त्रीला दाखवा. आदल्या दिवशी नको, म्हणजे नव्यानं बसवलेलं काही ढिलं असेल तर ते लातुरातच कळेल. ब्रेक शू, साखळीचा ताण आणि चाकं एका रेषेत आहेत का हे बघायला सांगा. क्लचची आणि अॅक्सिलरेटरची केबल जुनी असेल तर बदला, आणि उतरवलेली जुनी केबल टाकून न देता सीटखाली ठेवा. एक प्लग, एक-दोन फ्यूज, इन्सुलेशन टेप, तार. टायर ट्यूबलेस असेल तर पट्टीचं किट आणि हातपंप पुरे. खिळा दिसला आणि हवा टिकत असेल तर तो तसाच ठेवून पुढच्या गावापर्यंत जा, उपटायची घाई नको. ट्यूबवाला टायर असेल तर मागच्या चाकाची नवी ट्यूब सोबत हवीच. पंक्चरवाला सापडतो, तुमच्या मापाची ट्यूब त्याच्याकडं असेलच असं नाही.

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची आपल्याकडं सवय आहे. माहूरच्या उतारावर ती मोडा. ड्रम ब्रेक तापला की धरत नाही, आणि तो तापलाय हे कळतं तेव्हा वळण समोर असतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सामान मागच्या कॅरिअरवर उंच रचू नका. जड वस्तू सीटवर पाठीशी टेकून बांधा, नाहीतर चढावर पुढचं चाक हलकं पडतं. पेट्रोलची चिंता नको, टाकी भरली की सव्वाशे सीसी चारशे किलोमीटर जाते. तरी किनवटला परत भरून घ्या, कारण एकट्यानं अर्ध्या टाकीवर जंगलात शिरणं मला कधी आवडलं नाही.

आता जनावरं. पैनगंगा अभयारण्यात बिबट्या आहे, अस्वल आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याकडून वाघ येत-जात असतात. २०१९ मध्ये टिपेश्वरमधून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ महाराष्ट्र आणि तेलंगणातले जिल्हे तुडवत, तेराशे किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. या नदीच्या खोऱ्यातला एकट्याचा खरा प्रवास त्याचाच म्हणायचा, आणि तोही बहुतेक रात्रीच चालायचा. पण दुचाकीवाल्याला पाडतो तो वाघ नाही. पाडतं ते रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय. संध्याकाळी तुरीच्या शेतातून रोही निघतं, एक गेलं की त्याच्या मागं दुसरं असतंच. पहिलं गेल्यावर हायसं वाटून वेग वाढवू नका. आणि पाचला मुक्कामी असाल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाहीच.

घरच्यांचं म्हणणं अर्धं खरं का म्हटलं? किनवटच्या पुढं काही पट्ट्यांत मोबाईलला रेंज नसते. तुम्ही ठीक असता, पण घरी फोन लागत नाही आणि तिकडं जीव टांगणीला. त्यावर उपाय सोपा आहे. फोन ‘वाटेत’ करायचाच नाही. गावं ठरवून द्या: भोकर, हिमायतनगर, किनवट, माहूर, उमरखेड. त्या गावातून फोन येईल, मध्ये येणार नाही. आणि कुठल्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला फोन करायचा हेही लिहून द्या, म्हणजे मुक्कामाच्या लॉजचा किंवा भक्तनिवासाचा नंबर. अडचण आली तर ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८. मात्र हद्दीचा भाग आहे. फोन लागल्यावर आधी गाव, तालुका, जिल्हा स्पष्ट सांगा. ‘पैनगंगेजवळ’ म्हणालात तर तीन जिल्हे होतात आणि त्यातला एक तेलंगणातला. खिशात, पाकिटात नव्हे, एका कागदावर नाव, रक्तगट आणि घरचा नंबर असू द्या. आणि हेल्मेट आयएसआयचंच, पट्टा लावून. हँडलला अडकवून आलेली हेल्मेटं मी बरीच पाहिलीत.

भाषेचं काही अडत नाही, पण माहीत असलेलं बरं. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, भाषावार रचनेत नांदेडला जोडलं गेलं. त्यामुळं बाजारात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते, तांड्यावर बंजारा, गुड्या-पाड्यांत गोंडी आणि कोलामी. त्याआधी हीच नदी निजामाच्या राज्याची हद्द होती. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यापासून अलीकडं निजाम आणि पलीकडं इंग्रज अशी स्थिती. मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढणाऱ्यांचे कॅम्प म्हणूनच पलीकडं होते, उमरखेडचा त्यातला एक. मार्लेगावचा पूल ओलांडताना एवढं डोक्यात असलं तर त्या साध्या पुलावर दोन मिनिटं थांबावंसं वाटेल. गाडी मात्र पुलावर उभी करू नका, अलीकडं कडेला घ्या. वस्तीत रस्ता विचारताना ‘हा रस्ता तिकडं जातो का?’ असं विचारू नका, पाहुण्याचं मन राखायला माणूस ‘हाव, जातंय’ म्हणतो. ‘हा रस्ता कुठं जातो?’ असं विचारा. उत्तर खरं मिळतं.

माहूरच्या तारखा जपा. नवरात्र, दत्तजयंती आणि श्रावणातल्या पौर्णिमेची परिक्रमा, या दिवसांत डोंगरावर गर्दी मावत नाही आणि मुक्काम मिळत नाही. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला असते, म्हणजे तुम्ही दिवाळीनंतर फार लांबवलंत तर तिच्यात सापडाल. एरवी रेणुकामातेचं दर्शन, तांबूल, दत्तशिखर आणि किल्ला एका दुपारीत निवांत होतं.

थोडक्यात, तुमच्या यादीत मी बदल सुचवीन ते असे: दोन दिवसांऐवजी तीन मुक्काम, जाताना मराठवाड्याचा काठ आणि येताना विदर्भाचा, पूल फक्त धनोडा आणि मार्लेगाव, पाचला गाडी उभी. नवी गाडी घ्यायचे पैसे चांगल्या हेल्मेटवर आणि मागच्या टायरवर घाला.

तारीख ठरली की कळवा. किनवट-माहूर रस्त्याचं काम त्या आठवड्यात कुठं चालू आहे आणि कुठला पट्टा खणून ठेवलाय, ते तिकडच्या कृषी केंद्रवाल्यांना विचारून सांगतो.